संदर्भसूचीत नसलेली अकरा पानं

(पोस्ट लांब आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी आणि पीएच.डी. करणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत एका मुलीचा फोन आला. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात ती पाण्यातल्या फ्लोराइडवर पीएच.डी. करते आहे. माझा २०११ चा पेपर तिनं वाचला होता, आणि त्यातली गावपाहणीची प्रश्नावली तिनं जशीच्या तशी वापरली होती. रीतसर संदर्भ देऊन. माझं आडनाव, कंसात २०११. आवाज अगदी आदराचा. म्हणाली, "मॅडम, माझे रेफरी विचारतायत की ही प्रश्नावली व्हॅलिडेट कशी केली होती. पेपरमध्ये ते दिलेलं नाहीये. तुम्ही सांगाल का?"

मी म्हटलं, जरा बाहेर आहे, उद्या बोलू. मी घरातच होते. चकल्या तळत होते.

सांगणार काय? ती प्रश्नावली मी केलेलीच नव्हती.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मी तिथेच बी.एस्सी. केलं आणि २००३ मध्ये तिथेच रसायनशास्त्राची प्राध्यापिका म्हणून रुजू झाले. आमचे एक सर होते. होते म्हणजे आहेत, २००६ ला निवृत्त झाले. या सरांनी १९९६ मध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी एक पुस्तिका केली होती. अकरा पानं. स्टेन्सिलवर स्वतःच्या हातानं लिहिलेली, सायक्लोस्टाइल केलेली, मध्ये दोन पिना मारलेली. गावच्या विहिरीचं आणि हापशीचं पाणी कसं तपासायचं, एवढाच विषय. पण मराठीत, आणि असं लिहिलेलं की आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट हातात धरणाऱ्या मुलाला कळावं.

एक उदाहरण देते. पाण्याचा जडपणा मोजताना ईडीटीएचं टायट्रेशन करतात. एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा दर्शक घालतात आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की रंग 'वाइन रेड' वरून निळा होतो. आता आमच्या गावच्या पोरींनी वाइन कुठे पाहिलेली? सरांनी लिहिलं होतं: 'आमसुलाच्या सारासारखा रंग दिसेल. त्यात जांभळट छटा आली की हात आखडता घ्या, आता एकेक थेंब. कपड्याला लावायच्या निळीसारखा रंग दिसला की थांबा.' मी आजतागायत वर्गात हेच सांगते. फ्लोराइडसाठी नमुना काचेच्या बाटलीत घेऊ नका, प्लास्टिकच्याच बाटलीत घ्या, कारण फ्लोराइड काचेला लागतं. हापशी आधी चार-पाच मिनिटं हापसून घ्या, पाइपात साठलेलं पाणी भरू नका, नाहीतर गावाऐवजी पाइपची तपासणी होईल. असं सगळं.

आणि शेवटच्या दोन पानांवर गावात जाऊन विचारायचे चौदा प्रश्न.

माझ्या पीएच.डी.ला तेच चौदा प्रश्न मी इंग्रजीत केले. तक्ता आखला. पेपरमध्ये लिहिलं की ही प्रश्नावली 'लेखिकेने विकसित केली'. खरं सांगते, ते वाक्य लिहिताना हात थबकला होता. मी माझ्या मार्गदर्शकांना विचारलंही होतं, की सर, ही एका हँडआउटमधून घेतलीय, संदर्भ कसा द्यायचा? ते हसले. "झेरॉक्सला कुणी रेफरन्स म्हणतं का? रेफरीनं पाहिलं तर सगळा पेपर हलका दिसेल. तुम्ही भाषांतर केलंत ना, मग तुमचीच झाली." मला ते पटलं असं नाही, पण सोयीचं होतं. २०१० च्या यूजीसी नियमांनंतर एपीआयचे गुण सगळ्यांच्या मानगुटीवर बसले होते. पेपर छापून यायला हवा होता आणि तो 'हलका' दिसून चालणार नव्हता.

आता दुसरी कबुली. त्याच पेपरात पद्धतीच्या पहिल्या ओळीला मी संदर्भ दिलाय अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनच्या 'स्टँडर्ड मेथड्स' या ग्रंथाचा. एकविसावी आवृत्ती, २००५. पाण्यावर काम करणारे याला नुसतं 'आफा' म्हणतात. १९०५ पासून निघणारा हा ग्रंथ म्हणजे आमच्या क्षेत्रातली ज्ञानेश्वरी. फरक एवढाच की ज्ञानेश्वरी निदान काही लोक वाचतात. मी तोपर्यंत आफाची एकविसावीच काय, कुठलीच आवृत्ती उघडली नव्हती. ग्रंथालयात एक जुनी प्रत कुलपातल्या कपाटात होती. मी ती संदर्भाची ओळ दुसऱ्या कुणाच्या पेपरातून उतरवली, आणि त्यानं ती कुठून उतरवली हे देव जाणे.

म्हणजे हिशेब असा झाला. जे पुस्तक मी पाहिलं नाही, त्याचा संदर्भ दिला. जी अकरा पानं मी विद्यार्थिनी असल्यापासून वापरली, पाठ केली, पाण्यात भिजवली, पुन्हा झेरॉक्स करून घेतली, त्यांचा उल्लेखही नाही. आणि हा पेपर 'दर्जेदार' ठरला.

यूजीसीनं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आणले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध सुधारून द्या, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर बंदी, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. चांगलं आहे. पण माझा पेपर आज त्या सॉफ्टवेअरमधून काढला तर त्या प्रश्नावलीसाठी शून्य टक्के साम्य निघेल. मराठी हस्तलिखिताचं इंग्रजी भाषांतर कोणतं यंत्र पकडणार? जे इंटरनेटवर नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. नियमाप्रमाणे मी स्वच्छ आहे. आपल्याकडची किती प्रात्यक्षिकं, आकृत्या, रिकाम्या जागांचे तक्ते, शिक्षकांनी रात्री बसून केलेल्या नोट्स अशा 'स्वच्छ' मार्गानं पेपरांत आणि प्रबंधांत गेल्या असतील याचा विचार करा. तुमच्याकडेही एखादं उदाहरण असेलच. कधी देणाऱ्याच्या बाजूचं, कधी घेणाऱ्याच्या.

शिकवण्याच्या साहित्याला संदर्भ देत नाहीत, हे मुळात खरंच नाही. रेणवीय जीवशास्त्रात 'मॉलेक्युलर क्लोनिंग' नावाचं एक मॅन्युअल आहे. मॅनिएटिस, फ्रिट्श आणि सॅम्ब्रूक यांचं, १९८२ चं. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत १९८० च्या उन्हाळ्यात जो शिकवणीचा वर्ग झाला, त्यातून ते तयार झालं. म्हणजे कुळानं पाहिलं तर हँडआउटच. जगभरच्या पेपरांत त्याचे हजारोंनी संदर्भ आहेत. फाइनमनची भौतिकशास्त्रावरची व्याख्यानं घ्या. १९६१ ते ६३ या काळात कॅलटेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवताना टेपवर घेतलेली, लेटन आणि सँड्स यांनी लिहून काढलेली. तीही संशोधक बिनदिक्कत संदर्भ म्हणून देतात. तेव्हा अडचण शिकवण्याच्या साहित्याची नाही, पिनांची आहे. जाड पुठ्ठा आणि प्रकाशकाचं नाव असलं की संदर्भ. दोन पिना असल्या की 'झेरॉक्स'.

मला सर्वांत आवडलेलं उदाहरण २०१७ चं आहे. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये कागदाचं सेंट्रिफ्यूज केलं. वीज लागत नाही, वजन दोन ग्रॅम, किंमत वीस सेंट, आणि मिनिटाला सव्वा लाख फेरे. आपण लहानपणी मोठ्या बटणाच्या भोकांतून दोरा ओवून, पीळ देऊन, दोन्ही हातांनी ओढत भुर्रर्र फिरवायचो ना? तेच तत्त्व. त्या पेपरच्या सारांशातच लिहिलंय की आम्हाला हे एका प्राचीन खेळण्यावरून सुचलं, आणि कंसात सन दिलाय: इसवी सनपूर्व ३३००. पाच हजार वर्षांपूर्वीच्या खेळण्याला श्रेय मिळतं. माझ्याच विभागातल्या, माझ्याच कपाटात असलेल्या, १९९६ च्या पुस्तिकेला मला ते देता आलं नाही.

असो. त्या मुलीच्या फोनवर येते.

दुसऱ्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मग मी आता कुणाला साइट करू?" रागानं नाही, खरोखर अडचणीत सापडून. तिचा प्रबंध दोन महिन्यांत जायचा होता.

तिला तेव्हा नियम सांगितला. संदर्भाच्या एपीए पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत याची सोय आहे. वर्गातलं साहित्य वाचकाला कुठे मिळण्यासारखं असेल तर लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक आणि पुढे चौकटी कंसात काय आहे ते लिहून सूचीत द्यायचं. आणि वाचकाला मिळण्यासारखं नसेल तर त्याला 'व्यक्तिगत संवाद' समजायचं. म्हणजे मजकुरात कंसात नाव आणि तारीख द्यायची, पण सूचीत नाही. तर्क बरोबर आहे, सूची वाचकानं शोधून काढण्यासाठी असते. पण परिणाम काय होतो बघा. छापायला पैसे नसलेल्या, सर्व्हर नसलेल्या तालुक्याच्या कॉलेजातलं अकरा पानांचं काम कायमचं 'फोनवर कुणीतरी सांगितलं' या रांगेत जातं. संदर्भ मोजणारी यंत्रं फक्त सूची मोजतात.

मग मला वाटलं की आधी सरांकडे जायला हवं. खरं तर हे तेरा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

सर आता अठ्ठ्याहत्तरचे. अमरावतीला मुलाकडे असतात. मी पेपरची प्रत नेली होती. काकूंनी पोहे केले, ते खाऊन होईपर्यंत मला विषय काढता आला नाही. शेवटी प्रत पुढे केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ते म्हणतील, "अगं जाऊ दे, विद्या वाटल्यानं वाढते." तसं म्हणाले असते तर सुटले असते मी.

त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचायला घेतला. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. सातव्याला थांबले.

"हे काय लिहिलंयस? हे पाणी स्वयंपाकाला वापरता का, हो किंवा नाही?"

मी म्हटलं, "तुमचाच प्रश्न आहे सर."

"माझा नाही हा. माझा प्रश्न होता, डाळ शिजवायला पाणी कुठून आणता?"

मी म्हटलं, भाषांतरात थोडं सोपं केलं.

सर रागावले नाहीत, पण शिकवताना त्यांचा जो आवाज लागायचा तो लागला. "डाळ कशात शिजत नाही?"

"जड पाण्यात."

"म्हणजे कॅल्शियम जास्त. आणि जिथे कॅल्शियम भरपूर असतं तिथे फ्लोराइड फार वाढू शकतं का?"

मी एम.एस्सी., पीएच.डी., बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारी बाई त्या खोलीत खाली मान घालून बसले. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फारसं विरघळत नाही. पाण्यात कॅल्शियम खूप असेल तर फ्लोराइड त्याच्याबरोबर खाली बसतं, त्याला वर चढायला मर्यादा पडते. कॅल्शियम कमी असलेल्या, मऊ, सोडियम-बायकार्बोनेटवाल्या पाण्यात फ्लोराइड मोकळं राहू शकतं. खोल बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा असंच असतं, कारण ते खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं. आणि मऊ पाण्यात डाळ पटकन शिजते. म्हणजे गावातल्या बाया डाळीसाठी मुद्दाम लांबच्या ज्या हापशीवर जातात, तीच आधी तपासायची. मुलं जे पाणी पितात आणि ज्यात वरण शिजतं ते एकच आहे की वेगळं, हेही त्याच प्रश्नातून कळतं. एका साध्या प्रश्नात एवढं सगळं होतं, आणि मी त्याला हो-नाहीचा चौकोन करून ठेवलं. अर्थातच प्रत्येक घरानं 'हो' म्हटलं. स्वयंपाकाला पाणी कोण वापरत नाही?

तेरा वर्षांत माझा तो मोडका प्रश्न ज्या ज्या लोकांनी माझ्या नावानं उचलला, त्यांच्याही तक्त्यांत तो रकाना शंभर टक्के 'हो' नं भरलेला आहे. मी नंतर त्यातले मिळतील तेवढे पेपर काढून पाहिले. सगळीकडे तेच. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड एका लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. मी एकोणीस गावांत फिरले. त्या गावांतल्या किती हापशा मी बाजूला सोडल्या, हे आता कसं कळणार? दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेली पोरं मी पाहिली होती, फोटोही काढले होते. पण त्यांच्या घरची डाळ कुठल्या पाण्यात शिजते, हे विचारलं नाही.

मूळ पुस्तिकेचा संदर्भ असता तर कुणीतरी, कधीतरी, मूळ मराठी मागवून पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, की बाई, सातव्या प्रश्नाचं भाषांतर चुकलंय. तोपर्यंत मी संदर्भाकडे सभ्यपणा म्हणून बघत होते. हळदीकुंकवाला बोलावणं विसरलं की कशी चुटपुट लागते, तेवढंच. इथे उलटून तपासायची वाटच मी बुजवून टाकली होती.

मी सरांना म्हटलं, तुम्हाला हा प्रश्न सुचला कसा?

"मला कुठला सुचतो? मामाचा आहे तो."

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. ब्युरेटी धुणारे, डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट सांभाळणारे, गॅस संपला की स्टोव्ह पेटवून देणारे. सरांच्या पहिल्या बॅचबरोबर ते गावोगाव जायचे, बाटल्यांची पेटी उचलायला. एका संध्याकाळी परतताना बोलले, "सर, आमच्या गावात हापशीच्या पाण्यानं डाळ लवकर शिजते, विहिरीच्या पाण्यानं शिजतच नाही. पण हापशीकडच्याच पोराइचे दात पिवळे हायेत. असं काहून?" सरांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही पाणी आणवलं आणि जडपणा काढला. तिथून हा प्रश्न आला. विहिरीची खोली मोजायची युक्तीही त्यांचीच: "दोराले हातहातभर गाठी मारा न सर, मंग टेपाची गरज नाही." बाकीचे प्रश्न दोन वर्षांच्या मुलांनी गावात विचारून पाहिले. सुरुवातीला एकोणीस होते, पाच निरुपयोगी म्हणून काढले. सरांच्या जुन्या वहीत ते पाचही लिहिलेले आहेत, का काढले त्याच्या कारणांसकट. घ्या. यालाच तर व्हॅलिडेशन म्हणतात. वही होती, तारखा होत्या, विचारणारं कुणी नव्हतं.

मी विचारलं, मामांचं नाव काय हो?

सर विचारात पडले. काकूही. आडनाव तिघांनाही माहीत होतं, नाव कुणालाच नाही. विद्यार्थिनी म्हणून तीन आणि प्राध्यापिका म्हणून पाच, अशी आठ वर्षं मी त्यांना मामा म्हणत होते. २००८ ला ते निवृत्त झाले तेव्हा सत्काराला शाल मीच दिली होती. २०१५ ला गेले, तेव्हा ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. नाव माहीत नसताना.

परत आल्यावर तीन कामं केली. पहिलं, त्या जर्नलला दुरुस्तीसाठी लिहायचं ठरवलं. जर्नलच शिल्लक नाही. त्या पत्त्यावर आता कर्ज देणाऱ्यांची जाहिरात उघडते. म्हणजे पेपर जगात फिरतोय, पण त्याला दुरुस्त करणारं घर पडलंय. (त्या काळी अशा किती जर्नलांना आम्ही पैसे भरले, तो एका वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

दुसरं, ऑफिसमध्ये जाऊन जुनी हजेरीपत्रकं काढली. हेडक्लार्क भाऊंनी धूळ झटकत तीन गठ्ठे खाली घेतले आणि १९९६ च्या पत्रकात मामांचं पूर्ण नाव सापडलं. त्यांची मुलगी गावातच असते, तिला जाऊन भेटले. वडिलांचं नाव एका पुस्तिकेवर लेखक म्हणून टाकायचंय, चालेल का, असं विचारलं. तिला आधी वाटलं, पेन्शनचं काहीतरी काम आहे. मग समजल्यावर म्हणाली, "बाबा चौथी शिकलेले होते, मॅडम." मी म्हटलं, त्यात ते कुठे आडवं येत नाही.

तिसरं काम, पुस्तिका स्कॅन करून झेनोडोवर ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युरोपातल्या सर्न या संस्थेनं २०१३ पासून चालवलेलं हे कोठार आहे. फुकट. काहीही ठेवता येतं, मराठीतलंही, आणि त्याला डीओआय म्हणजे कायमचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक मिळाला की तीच अकरा पानं 'व्यक्तिगत संवाद' राहत नाहीत, सूचीत देता येतात. फॉर्म भरताना प्रत्येक लेखकाचं नाव आणि संस्था विचारतात. कुणी साहित्य गोळा केलं, कुणी संपादन केलं, अशा मदतनिसांसाठी वेगळी जागा असते. मामांना तिथे टाकावं असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. म्हणाला, "लेखक म्हटलं तर लोक हसतील." मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "सातवा प्रश्न तू मोडलास, मी नुसता लिहिला, काढला त्यांनी. लेखक कोण?" मामांचं नाव लेखकांत दुसरं आहे. संस्थेपुढे लिहिलंय: प्रयोगशाळा परिचर, रसायनशास्त्र विभाग. दोन बॅचच्या मुलांपैकी ज्यांचा शोध लागला, त्यांना विचारून त्यांची नावं मदतनिसांत घातली. माझं नाव फक्त 'स्कॅन आणि नोंद' इथे. खाली एक टीप दिलीय की २०११ च्या पेपरातली प्रश्नावली याच पुस्तिकेतून घेतलेली आहे, त्यातला सातवा प्रश्न चुकीचा भाषांतरित आहे, आणि ती चूक माझी आहे.

सहकाऱ्यांची प्रतिक्रिया संमिश्र आहे. एकजण म्हणाले, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, पदोन्नतीच्या वेळी कुणी हेच कागद पुढे करेल. करू शकतात. दुसऱ्या एका मॅडमनी मात्र हळूच विचारलं की प्रात्यक्षिकाच्या नोट्सवर नाव-तारीख टाकायची तर नेमकी कशी टाकायची. मी सांगितलं, पहिल्या पानावर नाव, वर्ष, कितवी आवृत्ती आणि कुणाकडून काय घेतलं ते, चार ओळी. त्यांच्याकडे वीस वर्षांच्या वनस्पतिशास्त्राच्या नोट्स आहेत, गावातल्या नावांसकट रानभाज्यांच्या. त्या कुणाकुणाच्या प्रबंधात गेल्या असतील ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण बोलत नाहीत. २०१८ च्या यूजीसी नियमांत ई-कंटेंट आणि ऑनलाइन कोर्सला गुण मिळतात. पिना मारलेल्या पानांना अजूनही काही नाही.

त्या मराठवाड्यातल्या मुलीनं प्रबंधाला मुदतवाढ मागितली. सातवा प्रश्न मूळ रूपात घेऊन ती सहा गावांत पुन्हा जाऊन आली. निष्कर्ष तिचे आहेत, ती छापेल तेव्हा वाचू. तिच्या मार्गदर्शकांनी सूचीत मराठी पुस्तिका नको म्हणून आढेवेढे घेतले होते, डीओआय बघून गप्प बसले.

गेल्या रविवारी सकाळी सरांचा फोन. वाटलं, पुस्तिका वर गेल्याचा आनंद झाला असेल. नातवानं मोबाइलवर उघडून दाखवली होती म्हणे.

"अगं, नवव्या पानावरचा बफर बघ. मी तेव्हाच मुलांना पेनानं दुरुस्त करायला सांगितलं होतं, तुझ्या प्रतीत झालेलं दिसत नाही. अमोनियाचा आकडा चुकलाय माझा."

मी म्हटलं, "सर, झेनोडोवर दुसरी आवृत्ती टाकता येते. जुनीही राहते."

"मग टाक. आणि चूक कुणाची ते लिही."